प्रवेशद्वारापासून पात्रतेच्या दाखल्यापर्यंत : महाराष्ट्रातील शालान्त परीक्षा आणि विद्यापीठीय प्रवेश – एक चिकित्सा

'मॅट्रिक्युलेशन' या शब्दाच्या मुळाशी नोंदवही असा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे म्हणजे मॅट्रिक होणे. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाने या परीक्षेला 'प्रवेशपरीक्षा' किंवा सरळ 'एन्ट्रन्स' म्हटले, ते यथार्थच होते. कारण ही परीक्षा शाळेची नव्हती, विद्यापीठाची होती. पुढे तिच्या जागी जी परीक्षा आली तिचे नाव 'शालान्त' असे पडले. शाळेचा अंत ज्या परीक्षेने होतो ती परीक्षा. एकाच टप्प्यावरील परीक्षेकडे पाहण्याची दिशा या नामांतरात पूर्णपणे उलटली आहे. पहिले नाव पुढच्या दाराकडे पाहणारे, तर दुसरे मागे सुटलेल्या अंगणाकडे. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात बारावीच्या परीक्षेचे जे झाले ते समजून घेण्यासाठी हा शब्दभेद ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या आरंभीच्या तुकडीतले. महाविद्यालये मूठभर, विद्यार्थी त्याहून थोडे आणि इंग्रजी शाळा शहरांपुरत्या, अशा काळात विद्यापीठाने आपल्या उंबरठ्यावर स्वतः परीक्षा घेणे स्वाभाविक होते. परंतु अल्पावधीतच उंबरठ्याने घराचा ताबा घेतला. माध्यमिक शाळा काय शिकवतात, कोणत्या क्रमाने शिकवतात, कोणती शाळा चांगली, या साऱ्याचा निकष मॅट्रिकचा निकाल हाच झाला. १८८० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची कीर्ती पसरली ती राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयामुळे, हे खरेच. पण मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तिच्या विद्यार्थ्यांनी पटकावली, हाही त्या कीर्तीचा मोठा आधार होता. ध्येयवादी शाळेलाही परीक्षेच्या फळावरच स्वतःला सिद्ध करावे लागले.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन पुन्हा वाचले पाहिजे. प्राथमिक शिक्षणाकडे झालेले दुर्लक्ष आणि शेतकऱ्यांच्या करातून वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणारा खर्च यांवरील त्यांची टीका सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील एक लहानसा मुद्दा मात्र अभ्यासकांकडून बहुधा निसटतो. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू दिले, याचे फुले स्वागत करतात आणि ही सवलत वरच्या परीक्षांनाही लागू व्हावी अशी अपेक्षा व्यक्त करतात. यामागील दृष्टी विलक्षण व्यवहारी आहे. ज्याच्या गावात शाळा नाही, ज्याला शुल्क परवडत नाही, त्याने ज्ञान कोठून मिळवले हे विचारू नका; मिळवले आहे की नाही एवढेच तपासा. परीक्षा ही वगळण्याचे साधन असते, तशीच ती वगळलेल्यांना आत घेण्याचेही साधन होऊ शकते, हे फुल्यांनी ओळखले होते. शालान्त परीक्षेचे कोणतेही मूल्यमापन या दुहेरी कसोटीवर झाले पाहिजे.

१९१७ ते १९१९ या काळात काम करणाऱ्या सॅडलर आयोगाने माध्यमिक व इंटरमीजिएट परीक्षा विद्यापीठांकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्यात, अशी शिफारस केली. मुंबई प्रांतात ती प्रत्यक्षात येण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९४८ च्या कायद्याने शालान्त प्रमाणपत्र परीक्षेसाठी वेगळे मंडळ निर्माण झाले आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले; म्हणजे पुणे विद्यापीठाने मॅट्रिकचा कारभार कधी पाहिलाच नाही. १९६५ च्या अधिनियमानुसार १९६६ मध्ये राज्य मंडळ अस्तित्वात आले. कोठारी आयोगाने पुरस्कारलेला १०+२+३ आकृतिबंध महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारला, तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयांच्याच इमारतींत भरू लागले. 'कनिष्ठ महाविद्यालय' ही संज्ञा त्या तडजोडीतून आली. अभ्यासक्रम मंडळाचा, वास्तू महाविद्यालयाची आणि विद्यार्थ्याची मनःस्थिती 'कॉलेजला गेलो' अशी. या अर्धवट अवस्थेची किंमत पुढे मोजावी लागली.

नांद्याच्या नकाशावरून

हा प्रश्न केवळ कायदे आणि शासननिर्णय यांच्या पातळीवर न ठेवता एखाद्या जागेवरून पाहिला, तर अधिक स्पष्ट होतो. नांदे हे मुळशी तालुक्यातील, पुण्याच्या पश्चिम सीमेवरचे गाव. शेजारची सूस व म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली; नांदे ग्रामपंचायतीतच राहिले. एका बाजूस हिंजवडी-माणचा माहिती तंत्रज्ञानाचा पट्टा, दुसऱ्या बाजूस लवळे. लवळ्यात सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठ आणि फ्लेम विद्यापीठ यांची विस्तीर्ण संकुले आहेत. पहिल्यातील पदवी प्रवेशासाठी 'सेट' ही त्या विद्यापीठाची स्वतःची चाचणी आहे, दुसऱ्याची 'फीट'. म्हणजे नांद्यातील बारावीच्या विद्यार्थ्यास सर्वांत जवळची असलेली विद्यापीठे त्याच्या बारावीच्या गुणपत्रिकेवरून त्याला निवडत नाहीत; ती पाहतात, पण केवळ किमान पात्रतेपुरती. अभियांत्रिकीस जायचे तर राज्याची सीईटी, वैद्यकीयसाठी नीट, केंद्रीय विद्यापीठात जायचे तर २०२२ पासून सीयूईटी, विधीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आणखी एक सीईटी. बारावीचे गुण आजही थेट निवड करतात ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या प्रथम वर्षासाठी.

येथे एक विसंगती दिसते, आणि ती प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. शहरातील मोजकी नामांकित महाविद्यालये सोडली तर या पारंपरिक शाखांच्या जागा भरणे हीच अनेक संस्थांची चिंता असते. जेथे बारावीचे गुण मोजले जातात तेथे स्पर्धा नाही आणि जेथे स्पर्धा आहे तेथे ते मोजले जात नाहीत. राज्यातील सुमारे १४ ते १५ लाख विद्यार्थी दरवर्षी ज्या परीक्षेला बसतात, ज्या परीक्षेसाठी बैठी पथके आणि भरारी पथके नेमली जातात, कॉपीमुक्त अभियाने राबवली जातात, ती परीक्षा विद्यापीठीय प्रवेशाच्या दृष्टीने फारसे काही ठरवत नाही.

तुलनीयतेचा तिढा

हे का घडले? प्रवेशपरीक्षांच्या समर्थकांचे उत्तर असे की, वेगवेगळ्या मंडळांचे गुण तुलनीय नसतात. उत्तर चुकीचे नाही. त्यावर महाराष्ट्राने शोधलेले उपाय मात्र एकामागोमाग ज्या रीतीने कोसळले तो इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे लिहावा असा आहे. अकरावीच्या प्रवेशात आयसीएसई व सीबीएसई मंडळांच्या विद्यार्थ्यांपुढे राज्य मंडळाचे विद्यार्थी मागे पडतात, म्हणून २००८ मध्ये शासनाने पर्सेंटाइल सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचे ९०:१० सूत्र आले; तेही रद्द झाले. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आले. उच्च न्यायालयाने ते नाकारले, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि तेवढेच टिकले.

तीन वर्षांत तीन सूत्रे! आणि त्यांपैकी टिकले ते शैक्षणिकदृष्ट्या सर्वांत दुबळे. पर्सेंटाइल सूत्रात किमान एक तत्त्व होते : प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना प्रथम त्याच्याच मंडळातील समवयस्कांशी व्हावी, आणि मग त्या सापेक्ष स्थानांची तुलना व्हावी. त्या तत्त्वाची मांडणी सदोष असेल. भिन्न मंडळांतील विद्यार्थ्यांची सरासरी कुवत सारखीच असते हे त्यामागील गृहीतक वादग्रस्त आहे, हेही खरे. पण पाच सर्वोत्तम विषय धरण्याच्या सूत्रात तत्त्व कोणते? सहा विषयांपैकी एक विषय सोडून देण्याची मुभा. तो सोडला जाणारा विषय बहुतेकदा कोणता असतो, हे भाषांच्या अध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

गंमत अशी की जे पर्सेंटाइल तत्त्व २००८ मध्ये अग्राह्य ठरले होते, तेच पाच वर्षांनी राष्ट्रीय पातळीवर सन्मानाने परतले. २०१३ ते २०१६ या काळात राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशासाठी जेईई मेनला ६० टक्के आणि सामान्यीकृत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. महाराष्ट्रानेही २०१४ व २०१५ मध्ये आपली सीईटी बाजूला ठेवून अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांच्या ५०:५० भारांकावर केले. २०१६ मध्ये राज्य पुन्हा स्वतःच्या सीईटीकडे वळले आणि बारावीचा भार शून्यावर आला. आता बारावीची भूमिका पात्रतेची : भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गास ४५ टक्के, राखीव प्रवर्गांस ४० टक्के.

दोनच वर्षे चाललेला तो प्रयोग गैरसोयीचा होता, यात शंका नाही. दोन निकालांची वाट पाहावी लागे, सामान्यीकरणाचे गणित पालकांना उमगत नसे, आणि जेईईचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना परका होता. तथापि या तक्रारींतील शेवटची जेईईविरुद्ध आहे, बारावीविरुद्ध नव्हे. सीईटी परत आणताना बारावीचा निम्मा भार कायम ठेवता आला असता. तसे झाले नाही.

गुणांची विश्वासार्हता

शालान्त परीक्षेच्या बाजूने बोलताना तिच्या दोषांवर पांघरूण घालणे योग्य होणार नाही. राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रांसाठीचे शाळांनी द्यावयाचे अंतर्गत गुण बंद होताच २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. अन्य मंडळांचे विद्यार्थी अकरावीत पुढे जातील अशी ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. दोन वर्षांत विद्यार्थ्यांची कुवत आधी बारा टक्क्यांनी घटली आणि मग अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. हे आकडे मूल्यमापनाच्या योजनेचे आहेत, विद्यार्थ्यांचे नव्हेत. आणि ही योजना शैक्षणिक कारणांसाठी नव्हे, तर प्रवेशाच्या स्पर्धेसाठी बदलली गेली. मंडळाने आपले गुण स्वतःच स्वस्त केले, हा आक्षेप त्यामुळे खोडून काढता येत नाही.

करोनाच्या वर्षाने या साऱ्याचा कळस पाहिला. २०२१ मध्ये परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल ९९.९५ टक्के आणि बारावीचा ९९.६३ टक्के लागला. बारावीसाठी दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत कामगिरीचे ४० टक्के असे सूत्र होते. अशा गुणांवर अकरावीचे प्रवेश कसे द्यावेत, म्हणून शासनाने २८ मे २०२१ च्या निर्णयाने ऐच्छिक सीईटी जाहीर केली. तिची तारीख २१ ऑगस्ट ठरली. १० ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ही सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असल्याने इतर मंडळांच्या मुलांवर अन्याय होतो, अशी परीक्षा घेण्याचा वैधानिक अधिकार शासनाला नाही आणि साथीच्या काळात मुलांना परीक्षा केंद्रांवर बोलावणे त्यांच्या जीविताशी खेळणे आहे, हा निर्णयाचा गाभा होता.

या वादाकडे तटस्थपणे पाहिले तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. शाळांनी दिलेल्या गुणांवर विसंबता येत नाही, हे शासनाचे म्हणणे खरे होते. एका मंडळाच्या अभ्यासक्रमावरील चाचणी सर्वांना समान नसते, हे न्यायालयाचे म्हणणेही खरे होते. मात्र दुसरे तत्त्व मान्य केले की त्याचा व्याप अकरावीपुरता राहत नाही. कोणतीही समाईक परीक्षा कुठल्या ना कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या ना कुठल्या भाषेला आणि कुठल्या ना कुठल्या गतीला जवळची असते. 'समान प्रश्नपत्रिका म्हणजे समान संधी' हे समीकरण २०२१ च्या निर्णयाने निदान एका प्रकरणात तरी नाकारले आहे, आणि ते पदवी प्रवेशाच्या चर्चेत मात्र कोठेच उमटलेले दिसत नाही.

चाचणी काय मोजते

राज्याच्या सीईटीचे स्वरूप पाहावे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. पहिल्या भागात एका प्रश्नास ५४ सेकंद मिळतात. सर्व प्रश्न बहुपर्यायी. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र मराठीतून देता येते, गणित मात्र इंग्रजीतूनच. याचे शैक्षणिक समर्थन काय, हे सहजासहजी सापडत नाही. याउलट बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुणांचा लेखी पेपर तीन तासांचा, त्यात सिद्धता, आकृती, स्पष्टीकरण. आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे. अभियंता होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत हात चालवला की नाही, त्याला चार वाक्ये सलग लिहिता येतात की नाही, यांपैकी कशाचाही प्रवेशाच्या गुणवत्ता यादीवर परिणाम होत नाही.

ज्याला गुण नाहीत त्याला वर्गात स्थान राहत नाही. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हजेरीपटावर विद्यार्थी आणि बाकांवर शुकशुकाट, हा अनुभव महाराष्ट्रातील अध्यापकवर्गास नवा नाही. महाविद्यालय नावापुरते आणि शिकवणी खाजगी वर्गात, अशा 'इंटिग्रेटेड' करारांना आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये मुंबई, पुणे आदी भागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. रोगाचे निदान अचूक आणि औषध भलतेच! बारावीच्या अभ्यासाला प्रवेशात किंमत उरली नाही, म्हणून विद्यार्थी वर्गात येत नव्हता. अंगठा उमटवण्याच्या यंत्राने ती किंमत परत येणार नव्हती.

नांद्यासारख्या गावातील विद्यार्थ्यास या बदलाचा फटका आणखी एका मार्गाने बसतो, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश असतो तेव्हा विद्यार्थ्याला निर्णय निकालानंतर घ्यावा लागतो. आधी निकाल, मग अर्ज. प्रवेशपरीक्षेच्या व्यवस्थेत हा क्रम उलटतो. अर्ज भरण्याची मुदत बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच येते. कोणती सीईटी, कोणत्या संकेतस्थळावर, कोणती प्रमाणपत्रे, नॉन-क्रीमीलेअर कोणत्या तारखेपर्यंतचे, हे सांगणारे घरात कोणी असेल तर ठीक. नसेल तर विद्यार्थी परीक्षेत नापास होत नाही. तो परीक्षेपर्यंत पोचतच नाही. अशा विद्यार्थ्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही.

२०२४ मधील व्यवस्थापन व संगणक पदव्यांचे उदाहरण याचे ठळक प्रत्यंतर आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि राज्याने त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी घेतली. २९ मे रोजी झालेल्या या परीक्षेस जेवढे विद्यार्थी बसले त्यांच्यापेक्षा जागा कितीतरी अधिक होत्या. त्यामुळे ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही संस्थांनी अभ्यासक्रमांची नावे बदलून या जाळ्यातून सुटका करून घेतली. निवड करण्यासाठी परीक्षा असते. जेथे उमेदवारांपेक्षा जागा जास्त आहेत तेथे परीक्षेने कोणाची निवड केली? ज्यांना तिची माहिती वेळेत मिळाली त्यांची. ज्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मागील वर्षापर्यंत बारावीच्या गुणपत्रिकेवर बीबीएला बसता येत होते, तो केवळ अर्ज न केल्यामुळे रिकाम्या बाकांसमोर दाराबाहेर राहिला.

पर्याय

इतरत्र काय चालते, यावर एक दृष्टिक्षेप टाकला तर वेगळा मार्ग अशक्य नाही हे दिसते. फ्रान्समध्ये १८०८ पासूनची 'बाकालोरेआ' ही शाळेची अखेरची परीक्षा आहे आणि कायद्याने ती विद्यापीठाची पहिली पदवीही मानली जाते. शालान्त आणि प्रवेश हे दोन अर्थ तिथे एकाच शब्दात टिकून राहिले. जवळचे उदाहरण तमिळनाडूचे. त्या राज्याने २००६ च्या कायद्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा रद्द केली आणि अभियांत्रिकीचे प्रवेश सामान्यीकृत बारावीच्या गुणांवर सुरू ठेवले. तेथील अभियांत्रिकी शिक्षणाची स्थिती महाराष्ट्रापेक्षा खालावली आहे, असे प्रतिपादन कोणी गंभीरपणे केल्याचे दिसत नाही. अर्थात तेथे घोकंपट्टीची वेगळी समस्या आहे, आणि वैद्यकीय प्रवेशात नीटमुळे त्या राज्याचाही हात बांधला गेला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या बाबतीत दोन्ही दगडांवर पाय ठेवते. एकीकडे मंडळांच्या परीक्षा अशा सुधाराव्यात की शिकवणी वर्गांची गरजच उरू नये, असे ते म्हणते; दुसरीकडे राष्ट्रीय चाचणी संस्थेमार्फत समाईक प्रवेशपरीक्षा घेण्याची शिफारस करते, जिचा वापर विद्यापीठांच्या इच्छेवर सोडला आहे. प्रवेश दुसऱ्या परीक्षेवर होणार असेल तर पहिल्या परीक्षेतील सुधारणेकडे विद्यार्थी कशासाठी लक्ष देईल? ज्या परीक्षेत पैज नाही तिच्या सुधारणेचा आग्रह वर्गापर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जुन्या काळाकडे पूर्णपणे परतणे शक्य नाही आणि इष्टही नाही. बारावीच्या निकालावरच सारे अवलंबून असताना 'लातूर पॅटर्न' जन्मला, गुणवत्ता यादीचा उन्माद माजला आणि अखेर ती यादी बंद करावी लागली, हे विसरता येत नाही. मात्र २०१४-१५ चे सूत्र राज्याच्या स्वतःच्या सीईटीशी जोडून, मंडळनिहाय पर्सेंटाइलच्या आधारे, पुन्हा विचारात घेता येईल. त्यासाठी मंडळाला आधी आपल्या अंतर्गत आणि प्रात्यक्षिक गुणांची विश्वासार्हता सिद्ध करावी लागेल. स्वतःच्याच महाविद्यालयात स्वतःच्या विद्यार्थ्यांना ३० पैकी २८-२९ गुण सरसकट वाटले जात असतील, तर त्या गुणांना प्रवेशात भार द्या असे म्हणण्याचा नैतिक अधिकार अध्यापकवर्गास राहत नाही. बाह्य परीक्षकाची संस्था ज्यांनी ढिली होऊ दिली त्यांत मंत्रालयाइतकाच स्टाफरूमचाही वाटा आहे.

तोपर्यंत निदान एवढे करण्यास कोणत्याही कायद्याची दुरुस्ती लागणार नाही : ज्या अभ्यासक्रमांत जागा उमेदवारांपेक्षा अधिक आहेत तेथील सीईटी निकालानंतरच्या पहिल्या फेरीपुरती मर्यादित ठेवावी आणि उरलेल्या जागा बारावीच्या गुणांवर भराव्यात, यासाठी विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी राज्य सीईटी कक्षाकडे आणि तंत्रशिक्षण परिषदेकडे लेखी ठराव पाठवावेत. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली आहे, त्यामुळे मुळशीसारख्या तालुक्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात कोण विद्यार्थी आला याची नोंद आता एका ठिकाणी उपलब्ध आहे. तेच विद्यार्थी दोन वर्षांनी कोणत्या सीईटीला बसले आणि कितीजण एकाही सीईटीला बसले नाहीत, हे त्या नोंदीशी ताडून पाहणे संगणकाच्या युगात अवघड नाही. तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षानेही ते काम हाती घेता येईल.